वाटी नाही, चालेल

माझ्या डोक्यात कुणीही काहीही बसवलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण मी शेवटची जी मालिका केली ती याच विषयावर होती आणि तेव्हापासून भेटेल तो मला हसत हसत हेच विचारतो. माझं वय बासष्ट. गुडघे कुरकुरतात, चष्मा दिवसातून दोनदा शोधावा लागतो, फ्रिज उघडून कशासाठी उघडला म्हणून मी उभी राहते. पण एकोणीस वर्षांपूर्वी इथे सिंगापुरात, बेडोकच्या एका फ्लॅटमध्ये शूटिंग चालू असताना एका नटाने कॉफीचा कप कुठल्या हाताने खाली ठेवला, ते मला आत्ता विचारा. डाव्या. कपाचा कान त्याच्या स्वतःच्या बाजूला होता.

माझं काम कंटिन्युइटीचं. याला मराठीत धड शब्द नाही, ‘सातत्य’ म्हटलं की कुणाला तरी सकाळच्या व्यायामाची आठवण होते. माझ्या सासूबाई सरळ सांगायच्या, ‘आमची सून टीव्हीत बसायला जाते.’ त्यांचंही खरंच होतं. कॅमेऱ्याशेजारी एक खुर्ची असते, तिच्यावर वही घेऊन बसायचं आणि बघायचं.

काय बघायचं? मालिका तुम्ही ज्या क्रमाने पाहता त्या क्रमाने ती कधीच काढली जात नाही. नायक दाराबाहेर चपला काढतो तो गुरुवारी, आणि त्याच दारातून अनवाणी आत येतो तो आधीच्या सोमवारी, कारण बाहेरचा जिना एका इमारतीतला आणि आतली खोली दुसऱ्या. मधल्या दिवसांत त्याने केस कापलेले असतात, किंवा बायकोशी भांडण झाल्यामुळे चेहरा उतरलेला असतो. शिवाय एकच प्रसंग अनेकदा काढायचा. आधी सगळी खोली दिसेल असा, मग याचा चेहरा जवळून, मग तिचा. प्रत्येक वेळी कप तिथेच हवा, त्यातली कॉफी तेवढीच हवी, पदर त्याच खांद्यावर हवा. नाहीतर जोडताना कप उड्या मारतो. तो कप उड्या मारणार नाही हे बघणारी बाई म्हणजे मी.

सिंगापूरला मी श्रीकांतच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या नोकरीमागे आले. तो आंग मो किओच्या एका कारखान्यात इंजिनियर होता. पुढे मी या खुर्चीपर्यंत कशी पोचले ते सांगत बसत नाही, त्यात काही नाट्य नाही. एका निर्मात्याला टायपिंग येणारी बाई हवी होती आणि मला घरात बसवत नव्हतं, एवढंच.

सुरुवातीच्या काळात एक जुने नावाजलेले नट होते, सगळे त्यांना अंकल म्हणत. जेवणाचा प्रसंग असला की अंकल प्रत्येक वेळी चमचा वेगळ्या शब्दाला उचलत. मी धीर करून म्हटलं, ‘अंकल, ‘मदर’ शब्दाला उचला, मघाशी तसाच उचलला होता.’ ते खवळले. ‘आय ॲम ॲक्टिंग! नॉट डूइंग ड्रिल!’ आठवड्याने त्यांनी जोडलेला प्रसंग पाहिला, त्यात त्यांचा चमचा ताटातून तोंडात आणि तोंडातून ताटात अशा कोलांट्या मारत होता. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत अंकल प्रत्येक शॉटआधी माझ्याकडे वळून एवढंच विचारत, ‘सुमा, स्पून?’

माझ्याही हातून चुका झाल्या. एका पोलिसी मालिकेत हिरोच्या उजव्या भुवईवरची पट्टी जाहिरातींनंतर डाव्या भुवईवर गेली. बुकित पंजांगच्या आमच्या बाजारातला माशांचा दुकानदार, ज्याच्याकडून मी आयुष्यात मासा घेतला नाही, तो तीन आठवडे मला हाक मारून विचारत होता, ‘आंटी, बँडेज वॉक आह?’ म्हणजे पट्टी चालत गेली का? मी मान खाली घालून कोथिंबीर घ्यायची आणि घरी यायची.

आता त्या मालिकेबद्दल. नाव लिहीत नाही, करारात तसं कलम आहे. गोष्ट अशी. एक कंपनी पाच साध्या माणसांच्या कानामागे तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवते आणि त्यांची बुद्धी अफाट वाढते. एक टॅक्सीवाला, एक निवृत्त शिक्षिका, दोन भाऊ आणि बेडोकच्या एका मराठी कुटुंबातली सोळा वर्षांची मुलगी, रेवा. मालिका इंग्रजीत, पण रेवाची आई जीव कासावीस झाला की मराठीत बोलते. आईची भूमिका अनघा करत होती. अनघा दिवसा बँकेत काम करते आणि आम्हा मराठी मंडळींच्या नाटकांत हौसेने उभी राहते. कॅमेऱ्यासमोर ती पहिल्यांदाच येत होती. रेवा झालेली काव्या तमिळ, तिला मराठीचं अक्षर येत नव्हतं. दिग्दर्शक डेरिक, तिशीतला, चिनी, भला मुलगा. आणि या सगळ्यांच्या वर निर्मात्या मिस कोह.

पहिल्या दिवशी माझ्या खुर्चीशेजारी आणखी एक स्टँड उभा होता. त्यावर टॅबलेट आणि तीन छोटे कॅमेरे. ते यंत्र प्रत्येक शॉटची आधीच्या शॉटशी तुलना करायचं, बदललेल्या जागी लाल चौकट काढायचं आणि बोललेले शब्द संहितेशी ताडून बघायचं. युनिटने त्याचं नाव प्रोफेसर ठेवलं. मी मनात त्याला पाटी म्हणत असे, कारण दिसायला ती पाटीच होती.

मिस कोह आडपडदा न ठेवणाऱ्या बाई. त्या म्हणाल्या, ‘आंटी, फर्स्ट फोर एपिसोड्स, यू अँड द मशीन टुगेदर. आफ्टर दॅट आय सी हू मिस मोअर. फेअर?’

‘फेअर,’ मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? बुद्धी वाढवलेल्या माणसांची गोष्ट, तिच्यावर बुद्धी वाढवलेली पाटी आणि शेजारी न वाढवलेली मी. चार भागांनंतर माझी खुर्ची राहणार की जाणार, ते ठरणार होतं.

घरी सांगितलं तर श्रीकांत म्हणाला, ‘तू हरणार नाहीस.’ माझी मुलगी सई एकतीस वर्षांची आहे, बेडोकला राहते आणि असल्याच यंत्रांना शिकवण्याचं काम करते. मी मराठीत बोलते, ती इंग्रजीत उत्तर देते, हा आमचा कायमचा करार. ती म्हणाली, ‘आई, ऑनेस्टली, द मशीन विल सी एव्हरीथिंग. जस्ट रिटायर लाह.’

लहानपणी हीच सई माझ्या मालिका बघताना सोफ्यावर उभी राहून ओरडायची, ‘आई, मिस्टेक!’ बटण, घड्याळ, खिडकीतलं ऊन, तिच्या नजरेतून काही सुटत नसे. मी तिला तसं बघायला शिकवलं होतं. त्यामुळे तिचं ‘रिटायर लाह’ मला जास्तच लागलं, आणि मी ते तिला सांगितलंही नाही.

पहिले दहा दिवस पाटी आणि मी बरोबरीत होतो. मग आला बहिणीला फोन करण्याचा प्रसंग. चिप बसवल्यावर रेवाला सगळ्या विषयांत पैकीच्या पैकी गुण मिळतात आणि आई आनंदाने पुण्याच्या बहिणीला कळवते. इंग्रजी संहितेत साधं वाक्य होतं, माझी मुलगी किती हुशार झाली. मराठी वाक्यं कुणीतरी भाषांतराच्या ॲपमधून काढून आणली होती. अनघाला कागद सकाळी मिळाला. तालमीत तिने फोन कानाला लावला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, ‘अगं, बातमी ऐकलीस का? आमची रेवा शहाणी झाली!’

म्हणाली आणि थबकली. माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं. मग तिला जे हसू फुटलं ते तिने सोफ्याच्या उशीत तोंड खुपसून आवरलं, आणि मी वहीत.

‘व्हाय? समथिंग राँग?’ डेरिकने विचारलं. पाटीवर हिरवी खूण आली होती. लिहिलेले शब्द आणि बोललेले शब्द तंतोतंत जुळत होते.

आताच्या मुलींना कदाचित ठाऊक नसेल, पण अनघाच्या आणि माझ्या आज्यांच्या तोंडी मुलगी शहाणी झाली म्हणजे तिला पहिल्यांदा पाळी आली. तीही बातमी बहिणीला फोन करून अशा सुरात दिली, तर पलीकडची बाई गोडधोड करायला उठेल. हे मला पंचवीस माणसांसमोर इंग्रजीत समजावून सांगावं लागलं. ध्वनिमुद्रण करणाऱ्याने हेडफोन काढून ठेवले. डेरिकचे कान लाल झाले. तो म्हणाला, ‘ओके, ओके. आंटी, यू फिक्स. कॅन?’

‘कॅन,’ मी म्हटलं आणि वाक्य बदलून दिलं, ‘अगं, रेवाचं डोकं काय चालतंय म्हणून सांगू तुला!’ पाटीने त्यावर लाल चौकट काढली, कारण ते संहितेत नव्हतं. मी वहीत लिहिलं, बदल माझा.

त्या दिवशी बसमधून घरी येताना मला हसू येईना. सई बारा वर्षांची होती तेव्हाची गोष्ट आठवत होती. मी आंग मो किओच्या एका गोदामात शूटिंगवर होते आणि सेटवर फोन बंद ठेवायचा नियम होता. सई शाळेतून आली, घाबरली, मला फोन करत राहिली. शेवटी शेजारच्या रोकियाताईंनी तिला घरात घेतलं, काय करायचं ते समजावलं, गरम चॉकलेटी मायलो करून दिला. मी संध्याकाळी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. रविवारी डोंबिवलीहून आईचा फोन आला, ‘सई शहाणी झाली म्हणे!’ तर सई फणकाऱ्याने म्हणाली, ‘आजी, आय वॉज ऑलवेज शहाणी.’ आम्ही सगळे हसलो आणि विषय संपला.

माझ्यापुरता तो संपलेला नाही. त्या दिवशीची वही माझ्याकडे आहे. खलनायकाचा रुमाल डाव्या खिशात होता, त्याचं एक टोक बाहेर होतं, पेटीवरचं कुलूप उघडं होतं, सगळं लिहिलेलं आहे. सई दार उघडायला आली तेव्हा तिच्या अंगावर काय होतं, केस बांधलेले होते की मोकळे, ती रडून थांबली होती की अजून रडायची होती, ते कुठल्याच वहीत नाही. मला आठवत नाही. सगळं आठवणारी बाई म्हणून माझं नाव आहे आणि हे मला आठवत नाही.

चौथ्या भागात तेलाचा प्रसंग होता. मालिकेचा जीवच त्यात होता. रेवा आता सगळं जाणते. ती हसत नाही, गुणगुणत नाही, डोळ्यांची उघडझापसुद्धा मोजून केल्यासारखी करते. शुक्रवारी आई नेहमीप्रमाणे तिला पुढ्यात बसवून केसांना तेल लावायला घेते. डाव्या हातात तेलाची वाटी, उजव्या हाताने माथ्यावर तेल. रेवा सपाट आवाजात तेलाचा केसांना काहीही उपयोग नसल्याचं सिद्ध करते. आई थांबते आणि एक वाक्य बोलते. संहितेतलं वाक्य इंग्रजीत फार छान होतं म्हणे. ॲपने त्याचं मराठी केलं होतं, ‘तू नेहमीच पुरेशी होतीस.’

आधी सगळी खोली दिसेल असा शॉट झाला. मग कॅमेरा जवळ आणला. पहिल्या तीन वेळा अनघाने ते वाक्य जसंच्या तसं म्हटलं. बिचारीने जीव ओतला, पण वाक्यात ओतलेलं काही राहत नव्हतं. चौथ्या वेळी काव्याने तेलाविषयीचं ते भाषण संपवलं आणि अनघा काही बोललीच नाही. ती नुसती त्या पोरीकडे बघत राहिली. डेरिकने ‘कट’ म्हणायला तोंड उघडलं, मी त्याच्या दंडावर हात ठेवला. अनघाने वाटी मागच्या मागे जमिनीवर ठेवून दिली, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशी. तिचा उजवा हात तेलकट होता. रिकामा झालेला डावा हात तिने काव्याच्या गालावर ठेवला आणि अगदी हळू म्हणाली, ‘गप बस, वेडाबाई.’

काव्याला त्या शब्दाचा अर्थ माहीत नव्हता. पण तिने मान वर केली, आणि आठ दिवस आम्ही तिला जो चेहरा धरून ठेवायला सांगत होतो तो विरघळला. ओठ थरथरले, डोळे भरले. सोळा वर्षांची एक पोर आईकडे बघत होती. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तशीच मी वहीत लिहिलं, ‘टेक चार. वाटी नाही, चालेल.’

पाटीवर दोन लाल चौकटी आल्या होत्या. एक अनघाच्या रिकाम्या हाताभोवती, एक शब्दांभोवती.

डेरिकने खबरदारी म्हणून आणखी दोन टेक घेतले. सहाव्यात सगळं जागच्या जागी होतं. वाटी डाव्या हातात, वाक्य कागदाबरहुकूम, काव्याचा चेहरा दगडासारखा. पाटी हिरवीगार.

चार भाग संपल्यावर मिस कोहनी मला आणि डेरिकला बोलावलं. पाटीच्या यादीत अठरा चुका होत्या, माझ्या हिशोबी सोळा. सतरावी पडद्याची होती. एका शॉटमध्ये पडद्याची एक कडी निसटलेली होती आणि पुढच्यात नव्हती. मी म्हटलं, ‘ती सुटली माझ्याकडून. चूक माझी.’ अठरावी वाटी.

‘यू मिस द बाउल, आंटी,’ मिस कोह म्हणाल्या.

मी वही उघडून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांना वाचता येईना, म्हणून बोट ठेवून वाचून दाखवलं आणि अर्थ सांगितला.

‘यू सॉ इट? अँड यू लेट इट गो?’

‘येस.’

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. वाईट बाई नाहीत त्या. अगदी समजुतीच्या सुरात त्यांनी सांगितलं, की टेक सहा निर्दोष आहे, तो घेऊ. टेक चारमधला शब्द तर पाटीच्या भाषांतराप्रमाणे वेडी बाई असा आहे. एक आई आपल्या मुलीला वेडी म्हणते असं दाखवलं तर तक्रारी येतील. ‘जस्ट से यू मिस द बाउल. वी यूज टेक सिक्स. अँड यू स्टे, नेक्स्ट फोर एपिसोड्स, विथ द मशीन. एव्हरीबडी हॅपी.’

एवढंच म्हणायचं होतं. माझ्या वयाच्या बाईच्या नजरेतून एक वाटी सुटली, तर कुणी नवल केलं नसतं. खुर्ची राहिली असती. पण मग टेक चार कचऱ्यात गेला असता, आणि अनघाचा तो हातही.

मी नाही म्हटलं. मग एकदा तोंड उघडलंच आहे म्हणून सगळं सांगितलं. सांगितलं की आमच्या भाषेत रागावलो की आम्ही शहाणं म्हणतो. फार शहाणी समजतेस स्वतःला, जास्त शहाणपणा करू नकोस, दीडशहाणा मेला. एक पूर्ण शहाणपण असतं आणि त्याच्यावर आणखी अर्धं चढलं की माणूस कामातून जातो, यासाठी आमच्याकडे आख्खा शब्द आहे. तुमची सबंध मालिका त्या एका शब्दात बसते. आणि जीव लावला की आम्ही वेडं म्हणतो. वेडा रे वेडा, वेडी गं माझी, वेडाबाई. जिच्या डोक्यात जगातलं सगळं ज्ञान भरलंय त्या मुलीला तिची आई वेडाबाई म्हणते, यापेक्षा जास्त ती काय म्हणणार? आणि तेलाने माखलेला हात कुठली आई लेकीच्या गालाला लावते? वाटी खाली ठेवणारच ती. वाटी धरून बसली असती तर ती चूक होती.

‘बट द लाइन इन द स्क्रिप्ट,’ मिस कोह म्हणाल्या, ‘इट्स गुड, व्हॉट.’

‘राइस कॅन बी इनफ,’ मी म्हटलं. ‘नॉट डॉटर.’ भात पुरेसा असतो, बाई. मुलगी पुरेशी नसते. हे शेवटचं मी मराठीतच म्हणाले.

डेरिक इतका वेळ टेबलाकडे बघत होता. त्याने उठून दोन्ही टेक एकामागोमाग लावले. सहावा झाला. चौथा झाला. मिस कोहनी चौथा परत लावायला सांगितला. मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ पुसत राहिल्या.

‘टेक फोर,’ त्या म्हणाल्या. ‘बट आंटी, नेक्स्ट फोर एपिसोड्स, ओन्ली मशीन.’

मी कारण विचारलं. त्यांनी खरं कारण सांगितलं, त्याबद्दल मी त्यांना मानते. त्या म्हणाल्या, की मला नोंद करणारं कुणीतरी हवंय, ठरवणारं नको. ठरवायला मी आहे, डेरिक आहे.

मी वही मिटली. मनात आलं ते त्यांना तोंडावर सांगितलं आणि इथेही लिहिते. नुसती नोंद कधीच नसते. तीस वर्षं मी प्रत्येक शॉटला ठरवत आले, हे सांगायचं की सोडायचं. नटीचा पदर सरकला ते सांगितलं. नटाचा आवाज खरोखर फुटला तेव्हा त्याचा कप चुकीच्या हातात होता, ते नाही सांगितलं. लाल चौकट कुठल्याही कपाभोवती काढता येते. कुठला कप उड्या मारला तरी चालेल, ते कळायला तिथे बसलेल्या माणसाचा ऊर भरून यावा लागतो. पाटीचा भरून येत नाही. यात मला काडीचीही शंका नाही, आणि माझी खुर्ची गेली म्हणून मी हे बोलते असं कुणाला वाटत असेल तर खुशाल वाटू द्या.

पुढे महिन्याभराने मिस कोहच्या कचेरीतून निरोप आला. माझ्या तीस वर्षांच्या वह्या मिळतील का, पाटीला शिकवायला वापरू, नाव देऊ. माझ्या वह्यांत काय आहे? ‘बाई आज रुसल्यात, उजवा खांदा आखडलाय, त्यामुळे पिशवी डावीकडे.’ ‘आजोबांना खरंच रडू आलं, रुमाल नंतर बघू.’ ‘हिरो उपाशी आहे, भात जास्त खातोय, ताट भरून ठेवा.’ मी कळवलं, वह्या मिळणार नाहीत. सई त्या वेळी घरी होती. तिने ओठ दाबून हसू आवरलं आणि इतकंच म्हणाली, ‘सो स्टबर्न, आई.’ मी म्हटलं, हो.

डेरिकचा मात्र मधे एक फोन आला होता. तो विचारत होता, वेडाबाईच्या खाली सबटायटलमध्ये इंग्रजीत काय लिहू? ‘सिली गर्ल’ पासून चार-पाच पर्याय त्याने वाचून दाखवले. मी म्हटलं, काहीच लिहू नकोस, खालची जागा रिकामी सोड. तो म्हणाला, ‘कॅन, आंटी. कॅन.’

चौथा भाग लागला त्या आठवड्यात रविवारी दुपारी सई आमच्याकडे जेवायला आली होती. बुकित पंजांगच्या आमच्या हॉलमधून एलआरटी, म्हणजे इथली छोटी रेल्वे, जाताना दिसते, डबा दर पाच मिनिटांनी खिडकीतून सरकतो. जेवणं झाल्यावर श्रीकांतने टीव्ही लावला. सई सोफ्यावर मांडी घालून बसली. सुरुवातीला तिने दोन गोष्टी बरोबर पकडल्या. ‘आई, हर स्लीव्ह.’ मग, ‘आई, दॅट कर्टन.’ पडद्याची तीच कडी. ‘माझीच,’ मी म्हटलं.

मग तेलाचा प्रसंग आला. तो मी असंख्य वेळा पाहिलेला. मी टीव्हीकडे पाठ करून बसले आणि सईकडे बघत राहिले. तिला सगळं दिसतं, हे मला माहीत होतं. आता ती ‘मिस्टेक’ म्हणणार, म्हणून मी मन घट्ट करून बसले होते. काव्याचं भाषण संपलं. शांतता झाली. मग अनघाचा आवाज आला, ‘गप बस, वेडाबाई.’

सई काही बोलली नाही. प्रसंग संपला, जाहिराती लागल्या, तरी बोलली नाही.

‘वाटी दिसली का तुला?’ मी विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. नाक लाल झालं होतं. पहिल्यांदाच करार मोडून ती मराठीत म्हणाली, ‘कुठली वाटी?’

मी उठले, कपाटातून नवी वही काढली. आता कुणी ती मागणार नाही, त्याने काही बिघडत नाही. तारीख घातली आणि लिहिलं, ‘सई. सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात. पिवळा टी-शर्ट, केस मोकळे. डोळे उजव्या हाताने पुसले. डाव्या कानात डूल नाही, चालेल.’